समुद्रावर चौदा नियम

व्यापारी घराण्यांना समुद्र नवा नाही. एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धात मुंबईचे शेठ मोतीशा यांची जहाजे परदेशांशी व्यापार करीत असत, आणि त्यांच्या नावाची मोतीशा टूंक आजही शत्रुंजयाच्या प्रत्येक यात्रेकरूला दिसते. सोलापूरच्या जैन कुटुंबात १८८२ साली जन्मलेल्या वालचंद हिराचंद यांनी आपल्या सहकाऱ्यांसह सिंधिया स्टीम नॅव्हिगेशन कंपनी उभारली, आणि ५ एप्रिल १९१९ रोजी या कंपनीचे ‘लॉयल्टी’ हे जहाज मुंबईहून लंडनकडे निघाले. त्याच घटनेच्या स्मरणार्थ ५ एप्रिल हा दिवस आपल्या देशात राष्ट्रीय सागरी दिन म्हणून पाळला जातो.

परंतु या दोन्ही कथांमध्ये समुद्र हा पेढीचाच एक भाग होता. माल न्यावयाचा, माल आणावयाचा, नफ्यातोट्याचा हिशेब मांडावयाचा. पुढे भाऊच्या धक्क्यावरून कोकणच्या बोटी सुटत, त्यांतून चाकरमानी आपापल्या गावी जात; तोही कामाचाच प्रवास. कोठेही पोहोचण्याची घाई नसताना, केवळ जहाजावर राहण्यासाठी जहाजावर जावयाचे, ही गोष्ट पुण्याच्या पेठांमधील कुटुंबांना अलीकडे परिचित झाली. आता लग्नाच्या मंडपात किंवा उपाश्रयाच्या पायरीवर कोणी क्रूझहून आल्याचे कळले, की भोवती चारजण जमतात आणि पहिला प्रश्न ठरलेला असतो : जेवणाचे काय? दुसरा प्रश्न जरा दबक्या आवाजात विचारला जातो : घरातल्या वडीलधाऱ्यांना नेता येईल का?

शनिवार पेठेत, ओंकारेश्वराकडे उतरणाऱ्या रस्त्याच्या बाजूला, जुन्या वाड्याच्या जागी उभ्या राहिलेल्या इमारतीत अशा प्रश्नांना सामोरे गेलेले एक कुटुंब राहते. पूर्वज मारवाडातून आलेले. रविवार पेठेत भांड्यांचे दुकान. घरात बाबूजी, बाई, दोन मुलगे, दोन सुना आणि तीन नातवंडे. बाबूजींची पंचाहत्तरी जवळ आली, तेव्हा धाकट्या मुलाने मुंबईहून गोव्याला जाऊन परत येणाऱ्या तीन रात्रींच्या सफरीचा विषय काढला. बाबूजी काही बोलले नाहीत. घरातल्यांनी अर्थ लावला, की चौविहाराची अडचण असावी. खरी अडचण वेगळी होती आणि ती फक्त बाईंना ठाऊक होती.

१२ जुलै १९६१ रोजी पानशेतचे धरण फुटले आणि मुठेला महापूर आला, तेव्हा बाबूजी अकरा वर्षांचे होते. नदीकाठच्या शनिवार आणि नारायण पेठांनी त्या दिवशी काय पाहिले, हे जुन्या पुणेकरांना सांगावयास नको. बाबूजींच्या वाड्यात त्या सकाळी पाणी हीच पाण्याची पहिली सूचना होती. ते अंगणातून ओट्यावर, ओट्यावरून जिन्यावर चढत आले. वडिलांनी मुलांना माळ्यावर ढकलले, मागच्या भिंतीवरून शेजारच्या उंच गच्चीवर नेले, आणि तेथून त्या मुलाने आपल्या घरातले देवघराचे लाकडी कपाट तरंगत नदीकडे जाताना पाहिले. घरी ठेवलेल्या उधारीच्या वह्यांचा लगदा झाला. कुटुंब वाचले, दुकानही पुन्हा उभे राहिले. परंतु त्यानंतर बाबूजी कधी नावेत बसले नाहीत. मुंबईला शेकडो वेळा जाऊनही घारापुरीची लेणी त्यांनी पाहिली नाहीत, कारण तेथे लाँचमधून जावे लागते.

बाईंनी हे मुलांना सांगितले. धाकट्याने आरक्षण न करण्याचे ठरविले. त्यावर बाबूजींनीच त्याला गादीवर बोलावून घेतले आणि म्हणाले, “नाही म्हणालो नाही मी. माहिती आण. काय मिळते, काय मिळत नाही, किती पैसे आधी आणि किती नंतर, सगळे कागदावर लिहून आण. मग बघू.” माल न पाहता सौदा करावयाचा नाही, ही त्यांची जुनी पद्धत होती.

मुलाने आणलेला कागद अनेक कुटुंबांच्या उपयोगी पडेल असा होता.

त्यात पहिली बाब जहाजाच्या आकाराची होती. मुंबईहून २०२१ च्या सप्टेंबरात देशांतर्गत क्रूझ सुरू करणारे ‘एम्प्रेस’ हे जहाज १९९० साली फ्रान्समध्ये बांधलेले, सुमारे २११ मीटर लांब आणि अकरा मजल्यांचे आहे. योगायोग असा, की वालचंदांचे ‘लॉयल्टी’ हेही मुळात प्रवासी जहाज होते आणि त्याचे पहिले नाव ‘एम्प्रेस ऑफ इंडिया’ असे होते. जगातल्या आजच्या मापाने मुंबईचे हे जहाज मध्यम म्हणावे लागेल. २०२४ च्या जानेवारीत पहिल्या सफरीला निघालेले ‘आयकॉन ऑफ द सीज’ वीस मजल्यांचे आहे. त्यावर प्रवासी अधिकाधिक ७,६०० आणि कर्मचारी सुमारे २,३५० असतात. त्याचा आकार २,४८,६६३ टन सांगितला जातो, पण हा टन वजनाचा नव्हे. जहाजाच्या आतली बंदिस्त जागा किती, याचे ते माप आहे. वजनकाट्यावर आयुष्य गेलेल्या बाबूजींनी ही ओळ दोनदा वाचली.

दुसरी बाब पैशांची. क्रूझच्या भाड्यात राहण्याची खोली, मुख्य भोजनगृहातील आणि बफेमधील जेवण, नाट्यगृहातील कार्यक्रम, पोहण्याचा तलाव आणि मुलांचे खेळघर येते. बंदर शुल्क व कर जाहिरातीतल्या आकड्यात बहुधा धरलेले नसतात. ते विचारून घ्यावे लागतात. मद्य, बाटलीबंद पेये, खास उपाहारगृहे, मसाज, वाय-फाय, बंदरावरच्या सहली आणि कॅसिनो हे सारे वेगळे. अनेक अमेरिकी कंपन्यांच्या जहाजांवर कर्मचाऱ्यांच्या बक्षिसीपोटी दर माणशी दर दिवशी साधारण १६ ते २० डॉलर आपोआप खात्यावर पडतात. भाडे एका खोलीत दोघे आहेत असे धरून सांगितले जाते. एकट्या माणसाला खोली हवी असल्यास त्याला बरेच जास्त मोजावे लागतात. जहाजावर रोख चालत नाही. प्रवाशाला एक कार्ड मिळते. तेच खोलीची किल्ली, तेच ओळखपत्र आणि तीच उधारीची वही. प्रत्येक खर्च त्या कार्डावर लिहिला जातो आणि शेवटच्या रात्री हिशेब समोर येतो.

“म्हणजे गिऱ्हाईकाला उधारी देऊन दार लावून घेतात,” बाबूजी म्हणाले. “धंदा समजणारी माणसे दिसतात.”

तिसरी बाब खोलीची. आतली, खिडकीची, बाल्कनीची आणि प्रशस्त, असे चार प्रकार. आतली खोली सर्वांत स्वस्त. तिला खिडकी नसते आणि दिवा मालवल्यावर दुपारीही मध्यरात्र होते. ज्यांना बोट लागण्याची भीती आहे त्यांनी जहाजाच्या मध्यभागातील, खालच्या मजल्यावरची खोली मागावी, कारण तेथे हालचाल सर्वांत कमी जाणवते. टोकाच्या आणि वरच्या मजल्यांवरच्या खोल्यांना झोके अधिक. मोठ्या जहाजांना पाण्याखाली दोन्ही बाजूंना माशाच्या परांसारखे पंख असतात, ते डोलणे बरेच कमी करतात. शिवाय मुंबईहून निघणाऱ्या सफरींचा हंगाम पावसाळा टाळूनच असतो. कोळी बांधव नारळी पौर्णिमेला समुद्राला नारळ वाहूनच होड्या पुन्हा पाण्यात लोटतात, आणि चातुर्मासात आपले साधुसाध्वी विहार थांबवितात. पावसाळ्यात एका जागी थांबावे, हे किनाऱ्यावर आणि उपाश्रयात दोन्हीकडे फार पूर्वीच ठरलेले आहे.

कागद वाचून झाल्यावर बाबूजींनी तो घडी करून खिशात ठेवला. दोन दिवसांनी त्यांनी मधल्या भागातल्या, खालच्या मजल्यावरच्या तीन लगतच्या खोल्या घ्यावयास सांगितल्या. आरक्षणाच्या अर्जावर जैन भोजन, कंदमुळे वर्ज्य, सूर्यास्तापूर्वी जेवण आणि पिण्यास उकळलेले पाणी, या चार गोष्टी त्यांनी मुलाकडून आपल्या समोर लिहून घेतल्या आणि त्याचे लेखी उत्तर येईपर्यंत पूर्ण पैसे भरू दिले नाहीत. हा क्रम प्रत्येक कुटुंबाने ठेवण्यासारखा आहे. भारतातून आणि सिंगापूरहून सुटणाऱ्या जहाजांना जैन प्रवाशांची सवय झाली आहे. युरोपातल्या किंवा अमेरिकेतल्या जहाजावर ‘शाकाहारी’ एवढेच लिहिले, तर कांदा, लसूण, बटाटा आणि अनेकदा अंडेही त्यात धरले जाते. काय चालत नाही, त्याची नावे घेऊन यादी द्यावी लागते.

प्रवासाच्या दिवशी दुकानाचे शटर तीन दिवसांसाठी खाली आले. मुंबईत बॅलार्ड पिअरला सामान विमानतळासारखे यंत्रातून तपासले गेले. मोठ्या बॅगा तेथेच घेतात आणि त्या काही तासांनी खोलीच्या दाराशी येतात. म्हणून औषधे, कागदपत्रे, सामायिकाचे साहित्य आणि एक जोडी कपडे हातातल्या पिशवीत असावे. ओळखपत्राचा मूळ कागद लागतो. परदेशी सफर असेल तर पासपोर्ट आणि व्हिसा. आणि जहाज ज्या देशातून सुटते त्याच देशात परत येणार असेल, तर एकाहून अधिक वेळा प्रवेश देणारा व्हिसा आहे ना, हे आधीच पाहावे. इस्त्री, शेगडी, पाणी तापविण्याची किटली या वस्तू आगीच्या भीतीने जहाजावर नेऊ देत नाहीत. घरी शिजविलेले अन्नही सहसा अडवितात. बंद पाकिटातला कोरडा खाऊ मात्र अनेक ठिकाणी चालतो. बाईंनी केलेले मेथीचे लाडू म्हणून पुण्यातच राहिले. खाकऱ्याची बंद पाकिटे, सुंठीची पूड आणि स्टीलचा थर्मास एवढे सोबत गेले. ओले आले चालत नसले, तरी सुंठ चालते, आणि बोट लागल्यावर अनेकांना तीच बरी वाटते. बहुतेक कंपन्या चोवीस आठवड्यांहून पुढच्या गरोदर स्त्रियांना आणि सहा महिन्यांच्या आतील बाळांना घेत नाहीत, हेही तेथे रांगेत उभ्या असलेल्या एका जोडप्याच्या बोलण्यातून धाकट्या सुनेला कळले.

धक्क्यावरून जहाजात जाण्याचा पूल लांब आणि झाकलेला होता. त्याच्या दोन्ही बाजूंच्या फटींतून खालचे पाणी दिसत होते. बाबूजी मध्यावर थांबले. मागे रांग होती. मोठ्या मुलाने काही न बोलता त्यांच्या आणि कठड्याच्या मधली जागा धरली आणि धाकट्याने दुसरी. नातीने हात पुढे केला. बाबूजींनी तो धरला आणि खाली न पाहता उरलेली पावले टाकली.

जहाज सुटण्यापूर्वी सर्वांना सुरक्षेचा सराव करावा लागतो. त्यात सवलत नाही. १९१२ साली ‘टायटॅनिक’ बुडाले तेव्हा जहाजावर सुमारे २,२०० माणसे होती आणि जीवनौकांमध्ये जागा १,१७८ जणांचीच होती. त्या अपघातानंतर १९१४ साली समुद्रावरील जीवितरक्षणाचा पहिला आंतरराष्ट्रीय करार झाला. २०१२ साली इटलीजवळ ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ खडकावर आपटून ३२ जण गेले. त्या दिवशी नव्याने चढलेल्या शेकडो प्रवाशांचा सराव झालेलाच नव्हता. त्यानंतर नियम अधिक कडक झाला आणि सराव जहाज सुटण्याआधी किंवा सुटताक्षणीच घेणे बंधनकारक ठरले. भोंग्याचे सात लहान आणि एक लांब आवाज म्हणजे आपत्तीची सूचना. ती ऐकताच ज्याने त्याने आपल्या ठरलेल्या जागी जमावयाचे. ती जागा खोलीच्या दारामागे आणि कार्डावर लिहिलेली असते.

बहुतेक प्रवाशांना ही औपचारिकता कंटाळवाणी वाटते. कोणी फोनमध्ये पाहत असते, कोणी सरबताचा पेला हातात घेऊन उभे असते. बाबूजी मात्र पुढच्या रांगेत गेले. जॅकेटचा पट्टा कोठून कोठे जातो, हे त्यांनी स्वतः बांधून पाहिले. मग त्यांनी त्या तरुण कर्मचाऱ्याला हिंदीत विचारावयास सुरुवात केली. नावा किती? माणसे किती? एका बाजूच्या नावा निकामी झाल्या तर? लहान मुले खेळघरात असतील तर त्यांना कोण आणणार? मोजणी कोण करणार? मुलगा संकोचला होता; कर्मचारी संकोचला नाही. नावा आणि फुगविण्याचे तराफे मिळून सर्वांना पुरून उरेल इतकी जागा आहे. मुलांच्या मनगटाला त्यांच्या जागेचा क्रमांक असलेली पट्टी आहे. प्रत्येक जागेवर यादी घेऊन एक माणूस उभा राहतो आणि नाव नसलेल्याची खोली दुसरा माणूस तपासतो. त्याने हे सारे शांतपणे सांगितले, आणि शेवटी म्हणाला, की असे विचारणारे प्रवासी आले की त्यालाही बरे वाटते.

त्या संध्याकाळी बाबूजी बाईंना एवढेच म्हणाले, “इथे पाणी येण्याआधी सांगणारे कोणीतरी आहे.” आणि मग ते स्वतःहून कठड्यापाशी गेले. मुंबईचे दिवे मागे सरकत होते.

जेवणाचा प्रश्न त्यांनी समजले होते त्याहून सोपा आणि वेगळ्या ठिकाणी अवघड निघाला. बफेमध्ये जैन पदार्थांचे वेगळे टेबल होते. फुलके, दोन भाज्या, डाळ, भात, ढोकळा. भोजनगृहाची रात्रीची पहिली पंगत मात्र सातनंतरची होती, आणि हिवाळ्यात या किनाऱ्यावर सूर्य सहाच्या सुमारास मावळतो. लेखी उत्तर जवळ असल्यामुळे वरिष्ठ सेवकाने पाच वाजता बफेच्या कोपऱ्यात कुटुंबासाठी गरम जेवण लावण्याची व्यवस्था केली. जहाजावर रोज एक कार्यक्रमपत्रिका मिळते, तीत त्या दिवसाच्या सूर्योदयाची आणि सूर्यास्ताची वेळ छापलेली होती. बाबूजींनी तिच्यावरून नवकारशीची अठ्ठेचाळीस मिनिटे मोजली. सिंगापूरहून सफर करणाऱ्यांना हे सोपे जाते, कारण तेथे बारा महिने सूर्यास्त सातच्या आसपास असतो. उन्हाळ्यात नॉर्वेकडे जाणाऱ्यांची गोष्ट निराळी. तेथे उत्तरेला काही दिवस सूर्य मावळतच नाही, आणि कोणत्या घड्याळाने चालावयाचे ते घरूनच, गुरुमहाराजांना विचारून ठरवून जावे लागते.

पाण्याचीही माहिती त्यांनी काढली. मोठी जहाजे समुद्राचेच पाणी घेऊन ते तापवून त्याची वाफ थंड करतात, किंवा दाबाखाली सूक्ष्म पडद्यातून गाळतात. बाबूजींसाठी चहाच्या टेबलावरून उकळलेले पाणी रोज थर्मासमध्ये भरून मिळे. बफेच्या दाराशी हात धुण्याची सक्ती होती आणि ती रास्तच आहे. हजारो माणसे एका चमच्याला हात लावतात तेथे पोटाचे आजार झपाट्याने पसरतात.

पहिल्या जेवणानंतर बाबूजींनी रोजच्यासारखे थाळीत थोडे पाणी घातले, बोटाने ती निपटून घेतली आणि ते पाणी पिऊन टाकले. थाळी न्यावयास आलेला मुलगा वेंगुर्ल्याकडचा होता. तो क्षणभर थांबला. “काका, सगळे असे जेवले तर खालच्या लोकांचे निम्मे काम वाचेल,” तो म्हणाला. खाली काय होते, असे नातवाने विचारले. प्लास्टिक समुद्रात टाकण्यास आंतरराष्ट्रीय करारानेच पूर्ण बंदी आहे, ते साठवून बंदरावर उतरवितात. उरलेले अन्न मात्र बारीक दळून, किनाऱ्यापासून ठराविक अंतर दूर गेल्यावर समुद्रात सोडण्याची मुभा आहे. शेजारच्या टेबलावर तीन थाळ्या अर्ध्या भरलेल्या सोडून माणसे उठून गेली होती. नातवाने त्यांच्याकडे पाहिले आणि आपल्या ताटातली उरलेली जिलेबी संपविली.

क्रूझवरची खरी परीक्षा येथेच आहे, आणि ती कमतरतेची नाही. अन्न सकाळपासून मध्यरात्रीपर्यंत मांडलेले. त्याचे पैसे आधीच दिलेले. म्हणून न खाणे हा तोटा वाटू लागतो. एका दालनातून दुसऱ्या दालनात जाताना वाटेत कॅसिनो लागेल, मद्यालय लागेल, दागिन्यांचे दुकान लागेल, अशी जहाजाची रचनाच असते. किनारा सोडून पुरेसे दूर गेल्यावर कॅसिनो उघडतो आणि दिव्यांचा झगमगाट सुरू होतो. जहाजावर थांबा असे म्हणणारे कोणी नसते. दुकान बंद होत नाही, रस्ता संपत नाही, खिशातली नोट दिसत नाही. मर्यादा ही एकच वस्तू तेथे मिळत नाही. ती घरून न्यावी लागते.

बाबूजी गेली तीस वर्षे रोज सकाळी चौदा नियम धारण करतात. आज किती द्रव्ये खाईन, कोणत्या विगईचा त्याग करीन, किती वस्त्रे, किती वाहने, कोणत्या दिशेला किती अंतर, अशी त्या दिवसापुरती आखणी. दुकानाच्या दिवसांत या नियमांचा कोणाला पत्ताही लागत नसे. शनिवार पेठ ते रविवार पेठ एवढ्या दिशेत आणि घरच्या ताटात ते आपोआप पाळले जात. दुसऱ्या दिवशी सकाळी, चहूकडे केवळ पाणी असताना, ते खोलीत नियम धारण करू लागले तेव्हा दहा वर्षांची नात शेजारी बसली होती. “बाबूजी, जहाज हे एक वाहन झाले. मग लिफ्ट वेगळी धरायची का?”

बाबूजींनी विचार केला. “धरू या. दोन.”

“आणि गोव्याला बस?”

“तीन. पण मग आज लिफ्टने उतरायचे, जिन्याने चढायचे.”

द्रव्यांची संख्या त्यांनी पंधरा ठेवली, नातीने वीस. बफेच्या टेबलापाशी तिने बोटे मोजत पदार्थ घेतले, अठरावर आल्यावर आइस्क्रीमसाठी दोन जागा राखून ठेवल्या, आणि संध्याकाळी सगळ्यांना सांगितले, की तिचे एक द्रव्य शिल्लक राहिले. मोठ्या सुनेच्या लक्षात आले, की घरी दोन घास जास्त घे म्हणून मागे लागावे लागणारी ही मुलगी आज स्वतःचे ताट स्वतः आखत होती. चालत्या वाहनात सामायिक करावयाचे नाही अशी बाबूजींची धारणा. म्हणून ते त्या वेळात खिडकीशी बसून नवकार मंत्राची माळ जपीत.

किनारा मागे पडल्यावर फोनचा संपर्क गेला. जहाजाचे स्वतःचे मोबाइल जाळे असते, पण त्याचे दर फार चढे असतात. म्हणून फोन विमानातल्यासारखा बंद अवस्थेत ठेवावा, नाहीतर नकळत मोठे बिल येते. दोन्ही मुलगे पहिले काही तास अस्वस्थ होते. कोणाचा माल आला, कोणाचा धनादेश वटला, काही कळण्यास मार्ग नाही. दुपारी दोघे भाऊ वरच्या डेकवर चहा घेऊन बसले आणि दोन तास बोलले. दुकानात ते रोज दहा तास शेजारी बसतात. पण गल्ल्याशिवाय, गिऱ्हाइकाशिवाय असे बसल्याचे त्यांना आठवेना. वडिलांच्या नावावरची जागा, पुढच्या पिढीतल्या कोणाला दुकानात यावयाचे आहे आणि कोणाला नाही, असे लांबणीवर पडलेले दोन विषय तेथे निघाले. ते संपले नाहीत, पण निघाले.

जहाजावर डॉक्टर असतो, दवाखाना असतो. त्याचे पैसे मात्र वेगळे आणि भरपूर लागतात. साठीच्या पुढच्या माणसांसाठी प्रवासविमा घ्यावा आणि नेहमीची औषधे दोन दिवस जास्तीची न्यावी. गुडघ्यांचा त्रास असलेल्यांना चाकाची खुर्ची मिळते. ती आरक्षणाच्या वेळीच मागावी लागते. गोव्याला जहाज मुरगाव बंदरात थेट धक्क्याला लागते. लक्षद्वीपसारख्या ठिकाणी मात्र ते दूर उभे राहते आणि प्रवाशांना लहान नावेत उतरावे लागते. वृद्धांनी ही गोष्ट ठिकाण निवडतानाच विचारात घ्यावी. आणि बंदरावर उतरल्यावर परतण्याची वेळ पाळावी, कारण उशीर झालेल्या चौघांसाठी दोन हजार माणसांचे जहाज थांबत नाही.

शेवटच्या रात्री खात्याचा उतारा मिळाला. बाबूजींनी चष्मा लावून तो ओळीओळीने वाचला. नातवंडांची दोन नारळपाणी, धाकट्या सुनेने घेतलेली टोपी, एक कौटुंबिक छायाचित्र, गोव्यातली बस. एक नोंद ओळखू येईना. खालच्या काउंटरवर विचारल्यावर ती थोरल्या नातवाने खेळघराबाहेरच्या यंत्रावर खेळलेल्या खेळाची निघाली. त्याने मान खाली घातली. बाबूजी रागावले नाहीत. त्यांनी त्याला पेन दिले आणि त्या ओळीपुढे त्याच्याच हाताने त्याचे नाव लिहावयास लावले.

पुण्यास परतल्यावर शेजारपाजारचे, नात्यातले, दुकानातले लोक विचारू लागले. प्रत्येकाला तेच तेच सांगण्याऐवजी बाबूजींनी एका पानावर अकरा ओळी लिहून काढल्या आणि त्याच्या छायाप्रती गल्ल्याशेजारी ठेवल्या. जैन भोजन लिहून मागावे, हे त्यात आहे. किटली नेऊ नये, सुंठ न्यावी, हेही आहे. रोज सकाळी द्रव्ये ठरवावीत आणि लहानांना सोबत बसवावे, ही सातवी ओळ. पहिल्या ओळीत जेवण नाही, पैसे नाहीत, खोली नाही. तेथे बाबूजींच्या ठसठशीत अक्षरात एवढेच आहे : “जहाजात पाय ठेवल्यावर आधी आपली जमण्याची जागा पाहून यावी, आणि घरातल्या सर्वांत लहान मुलाला ती एकट्याने शोधता येते का, हे तपासावे.”